वापरलेल्या डिझायनर मॅक्सीची पारख

वापरलेला कपडा विकत घेण्याची रीत जगात कुठेच नवी नाही. नवे आहे ते कपड्याला हात न लावता, काही फोटो आणि चार ओळींचे वर्णन एवढ्यावर विसंबून तो दूरदेशीहून मागवणे. कापडाची पारख हा मुळात बोटांचा विषय आहे. कापडाचा पोत, त्याचे वजन, त्याला सुटणारी चुणी, त्याचा वास आणि शिवणीवर आलेला ताण या गोष्टी दुकानात क्षणभरात कळतात, आणि नेमक्या त्याच गोष्टी संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर हरवतात. म्हणून ऑनलाइन खरेदीत खरे कौशल्य लागते ते बोटांना जे कळले असते ते डोळ्यांना दिसेल अशा पुराव्यांच्या रूपात विक्रेत्याकडून मिळवण्याचे. प्रसिद्ध डिझायनरच्या मॅक्सी ड्रेसच्या बाबतीत हे कौशल्य विशेष महत्त्वाचे ठरते, कारण तेथे किमतीचा मोठा वाटा आतल्या बाजूला शिवलेल्या नावाच्या पट्टीचा असतो, आणि पायघोळ पोशाखाला झिजण्याच्या जागाही आखूड पोशाखापेक्षा अधिक असतात.

मॅक्सी म्हणजे घोट्यापर्यंत किंवा जमिनीपर्यंत पोचणारा अखंड पोशाख. मराठी घरांत हा शब्द घरी वापरायच्या सैल गाऊनसाठी रूढ असला, तरी येथे अभिप्रेत आहे तो बाहेर आणि समारंभाला घालण्याचा झगा. १९६०च्या दशकाच्या मध्यावर लंडनमध्ये मेरी क्वांट आणि तिच्या समकालीनांनी गुडघ्याच्या वर जाणारा मिनी स्कर्ट लोकप्रिय केला, आणि दशक संपता संपता फॅशनचा लंबक उलट दिशेला जाऊन घेर पुन्हा जमिनीकडे उतरू लागला. त्या काळातील लंडनच्या मॅक्सी आजही वापरलेल्या कपड्यांच्या बाजारात मोठ्या आवडीने शोधल्या जातात. त्यांतील ऑसी क्लार्क या डिझायनरचे झगे हे पारखीचे सगळे प्रश्न एकाच ठिकाणी दाखवणारे उत्तम उदाहरण आहे.

एकाच नावाच्या अनेक पट्ट्या

ऑसी क्लार्कचा जन्म १९४२ साली झाला आणि १९६५ मध्ये त्याने लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधून पदवी घेतली. कापण्याच्या कलेत, म्हणजे सपाट कापडातून शरीरावर वळणारा आकार बेतण्यात, त्याचा हातखंडा होता. त्याची पत्नी सीलिया बर्टवेल ही कापडावरील छापाची चित्रकार होती. तिने रेखाटलेली फुलापानांची नक्षी आणि त्याचा कट यांच्या मेळातून जे झगे तयार झाले, त्यांत दोघांचे श्रेय वेगळे काढता येत नाही. डेव्हिड हॉकनी या चित्रकाराने १९७०-७१ मध्ये या दांपत्याचे मांजरासह रंगवलेले भव्य चित्र लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे, आणि त्यात सीलिया गडद रंगाच्या पायघोळ पोशाखात उभी आहे. २००३ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने क्लार्कच्या कामाचे स्वतंत्र प्रदर्शन भरवले, आणि एकेकाळी दुकानात टांगलेला कपडा संग्रहालयाच्या योग्यतेचा मानला जाऊ लागला.

खरेदीदाराच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग यापुढे आहे. क्लार्कने आरंभी ॲलिस पोलॉक हिच्या 'क्वोरम' या दुकानासाठी काम केले. हे दुकान कर्जात गेल्यावर रॅडली या तयार कपड्यांच्या कंपनीने ते आपल्याकडे घेतले आणि क्लार्कच्या आरेखनांची अधिक संख्येने निघणारी, सामान्य ग्राहकाला परवडेल अशी मालिका बाजारात आणली. परिणामी एकाच डिझायनरच्या नावाखाली क्वोरमची पट्टी असलेले आणि रॅडलीची पट्टी असलेले झगे आज शेजारी शेजारी विकले जातात. दोन्ही अस्सल असतात, पण त्यांची दुर्मिळता सारखी नसते, म्हणून किंमतही सारखी असू नये. यात आणखी एक पदर आहे. क्लार्कचा १९९६ मध्ये मृत्यू झाल्यानंतर, एकविसाव्या शतकातही त्याच्या नावाने नवे कपडे निघाले, आणि सीलिया बर्टवेलने २००६ मध्ये टॉपशॉप या लोकप्रिय दुकानमालिकेसाठी आपल्या नक्षीचे कपडे तयार केले. हे कपडे बनावट नव्हेत, मात्र त्यांपैकी एखादा '१९७०च्या दशकातील' म्हणून विकला जात असेल तर ती फसवणूक आहे, मग ती विक्रेत्याच्या अज्ञानातून होवो की हेतुपुरस्सर.

म्हणून पहिली मागणी पट्टीच्या जवळून काढलेल्या फोटोची असावी. त्यात केवळ अक्षरे पाहून भागत नाही. पट्टी कोणत्या टाक्याने जोडली आहे, तिचा दोरा शेजारच्या शिवणीच्या दोऱ्याशी जुळतो का, तिच्या कडेला आधीच्या टाक्यांची रिकामी भोके दिसतात का, आणि झगा विटलेला असताना पट्टी मात्र कोरी करकरीत आहे का, हेही पाहावे लागते, कारण एका कपड्याची पट्टी उसवून दुसऱ्यावर शिवणे हे काही अवघड काम नाही. पट्टीखेरीज इतर साक्षीदारही असतात. अमेरिकेत धुलाईच्या सूचनांची पट्टी कपड्यावर कायमची असली पाहिजे असा नियम १९७२ मध्ये लागू झाला, त्यामुळे अमेरिकेत तयार झालेल्या झग्यावर ती मुळापासून शिवलेली असेल, तर तो झगा बहुधा त्या वर्षानंतरचा मानावा लागतो. तेथील स्त्रियांच्या कपड्यांच्या कामगार संघटनेची लाल, पांढरी आणि निळी पट्टी १९७४ पासून १९९५ पर्यंत वापरात होती, म्हणून ती दिसल्यास कालखंड आणखी आवळता येतो. धातूच्या दातांची चेन बहुतेक वेळा जुन्या घडणीकडे बोट दाखवते, तर नायलॉनच्या वेटोळ्याची चेन १९६०च्या दशकापासून सर्रास होत गेली. मात्र चेन बदलता येते, म्हणून तो पुरावा एकटा पुरेसा ठरत नाही. काही घराण्यांनी तर खूण कापडावरच छापून ठेवली आहे. इटलीच्या एमिलिओ पुच्ची यांच्या रंगीबेरंगी रेशमी पोशाखांच्या छपाईत 'एमिलिओ' ही लहानशी सही नक्षीच्या रेषांत जागोजागी लपलेली असते. पट्टी हरवली तरी कापड ओळख देते, आणि पट्टी असूनही कापडात सही नसेल तर शंका घेण्यास जागा उरते.

विकणारा कोण, तपासणारा कोण

महाराष्ट्रात जुने कपडे घेऊन त्यांच्या बदल्यात भांडी देणाऱ्या बोहारणीच्या व्यवहारात कपडा कोणी शिवला याला महत्त्व नसते. कापड किती धड आहे आणि जर आहे का, यावर मोल ठरते, आणि ते कपडा उलटासुलटा करून, हातात धरूनच ठरते. डिझायनर कपड्यांच्या ऑनलाइन पुनर्विक्रीत याच्या नेमके उलटे घडते, कारण तेथे नाव आधी येते आणि कापड नंतर. म्हणून प्रत्येक खरेदीत एक प्रश्न आधी सोडवून घ्यावा लागतो: विक्रेत्याखेरीज आणखी कोणी हा कपडा प्रत्यक्ष हाताळला आहे का?

या दृष्टीने विक्रीस्थळांचे ढोबळमानाने तीन प्रकार होतात. पहिल्या प्रकारात स्थळ केवळ विकणारा आणि घेणारा यांची गाठ घालून देते. १९९५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेले ईबे, २००८ मध्ये लिथुआनियात सुरू झालेले व्हिंटेड आणि २०११ चे डेपॉप ही या प्रकाराची प्रसिद्ध उदाहरणे असून, तेथे बहुतेक कपडे थेट विक्रेत्याच्या घरून खरेदीदाराच्या घरी जातात. दुसऱ्या प्रकारात विक्रीस्थळ कपडा स्वतःच्या ताब्यात घेते, तपासते, फोटो काढते आणि विक्री झाल्यावर दलाली कापून मालकाला पैसे देते. अमेरिकेतील द रियलरियल ही २०११ मध्ये स्थापन झालेली कंपनी या पद्धतीने चालते, आणि २००९ मध्ये पॅरिसमध्ये सुरू झालेल्या वेस्तिएर कलेक्टिव्ह या स्थळाने कपडा वाटेत आपल्या केंद्रावर तपासून पुढे पाठवण्याची मधली रीत रुजवली. तिसरा प्रकार जुन्या वस्त्रांचे विशेष जाणकार व्यापारी आणि लिलावगृहे यांचा असून, तेथे किंमत चढी असते, पण वर्णनामागे अभ्यास असतो. पहिल्या प्रकारात झगा सर्वांत स्वस्त मिळू शकतो याचे कारणही हेच आहे की तेथे तपासणीचे काम, आणि चुकल्यास होणारे नुकसान, खरेदीदाराच्या वाट्याला येते.

स्थळाची जबाबदारी किती, याविषयी न्यायालयांतही वाद झाले आहेत. टिफनी या दागिन्यांच्या कंपनीने ईबेविरुद्ध लढवलेल्या खटल्यात अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २०१० मध्ये मुख्यतः ईबेच्या बाजूने निकाल दिला. आपल्या स्थळावर बनावट माल असतो एवढी सर्वसाधारण जाणीव विक्रीस्थळाला असणे पुरेसे नाही, विशिष्ट वस्तूविषयी माहिती असूनही ते गप्प बसले तरच व्यापारचिन्हाच्या उल्लंघनाचा दोष त्याच्याकडे येतो, असे त्या निकालाचे सार आहे. खरेदीदाराने यातून घेण्याचा बोध असा की एखादा झगा नामांकित स्थळावर दिसतो म्हणून तो आपोआप अस्सल ठरत नाही.

आकड्यांवर नव्हे, टेपवर विश्वास

झगा अस्सल असला तरी तो अंगाला बसेल का, हा प्रश्न उरतोच, आणि येथे पट्टीवरचा आकडा सर्वांत जास्त दिशाभूल करतो. ढोबळमानाने ब्रिटनमधील १० हे माप अमेरिकेत ६, फ्रान्समध्ये ३८ आणि इटलीत ४२ असे लिहिले जाते, पण हा हिशेब आजच्या कपड्यांपुरता आहे. अमेरिकेच्या शेतकी खात्याने १९३९-४० मध्ये सुमारे १५ हजार स्त्रियांची मापे घेतली, त्यांच्या आधारे १९५८ मध्ये मापांचे प्रमाणक तयार झाले, आणि १९८३ मध्ये ते मागे घेण्यात आले. त्यानंतर कंपन्यांना आपापले आकडे ठरवण्याची मोकळीक मिळाली, आणि ग्राहकाला बारीक असल्याचे समाधान मिळावे म्हणून तोच आकडा उत्तरोत्तर मोठ्या कपड्यांवर लावण्याची प्रथा बळावली. १९५८ च्या प्रमाणकात ८ या मापाची कंबर साडेतेवीस इंच होती. आज त्याच आकड्याचा कपडा कितीतरी सैल असतो. म्हणून १९७० च्या सुमाराच्या झग्यावर १२ असे छापलेले असेल, तर आज १२ घालणाऱ्या स्त्रीला तो बहुधा होणार नाही.

उपाय सोपा आहे: आकडा विसरावा आणि मापे मागावीत. झगा सपाट पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत, कंबरेच्या सर्वांत अरुंद जागी, सीटवर, आणि खांद्याच्या वरच्या टोकापासून खालच्या दुमडीपर्यंत अशी चार मापे टेपचे आकडे दिसतील अशा फोटोसह मागवावीत. काखेतले सपाट माप १८ इंच असेल तर छातीचा पूर्ण घेर ३६ इंच होतो, आणि न ताणणाऱ्या विणीच्या कापडात श्वासोच्छ्वास व हालचाल यांसाठी दोन इंच तरी मोकळे हवेत, म्हणून तो झगा ३४ इंचापर्यंतच्या छातीसाठी योग्य मानावा. स्वतःच्या अंगाचे माप घेण्यापेक्षा आपल्याला नीट बसणारा तशाच बांधणीचा एखादा कपडा पसरून त्याच्याशी ही मापे ताडून पाहणे अधिक बिनचूक ठरते.

क्लार्कसारख्या डिझायनरच्या बाबतीत मात्र टेपही काही वेळा फसवतो. कापड उभ्या किंवा आडव्या धाग्याला धरून न कापता ४५ अंशांत तिरपे कापले, ज्याला शिंपी उरेब कट म्हणतात, तर न ताणणारे कापडही अंगावर ताणले जाते आणि शरीराचा आकार घेते. १९२०च्या दशकात पॅरिसच्या मादलेन व्हिओने हिने ही पद्धत नावारूपाला आणली. अशा झग्याचे पसरलेले माप अंगावरच्या मापापेक्षा कमी भरते आणि वर्षानुवर्षे टांगून ठेवल्यास त्याचा खालचा घेर वेडावाकडा लोंबतो. त्यामुळे मापांबरोबरच तो कोणी घातलेला असताना काढलेला फोटो आणि घालणाऱ्या व्यक्तीची उंचीही विचारणे गरजेचे असते.

लांबीचा हिशेब मॅक्सीमध्ये निर्णायक असतो. खांद्यापासून जमिनीपर्यंतचे अंतर १३० सेंटिमीटर असलेल्या स्त्रीने १४५ सेंटिमीटर लांबीचा झगा घेतला, तर १५ सेंटिमीटर कापड जमिनीवर लोळेल. खालच्या काठावर नक्षीची खास पट्टी छापलेली असेल तर दुमड घालून झगा आखूड करणे म्हणजे नेमकी तीच पट्टी गमावणे होय. उलट, आधीच्या मालकिणीने झगा कापून आखूड केला असण्याचीही शक्यता असते. कारखान्यातील दुमड सारख्या अंतराची आणि एकाच दोऱ्याची असते, पण नंतर घातलेल्या दुमडीत दोरा वेगळा, टाके विषम आणि जुन्या घडीची फिकट रेघ दिसू शकते.

कापड काय सांगते

क्लार्कच्या पुष्कळ झग्यांचे कापड मॉस क्रेप आहे. घट्ट पीळ दिलेल्या सुतापासून विणलेल्या, किंचित खरखरीत आणि जड पडणाऱ्या या कापडासाठी व्हिस्कोज, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून बनवलेला धागा, वापरला जाई. हे कापड अंगावर फार सुंदर पडते, पण त्याचे दोन स्वभाव खरेदीदाराला माहीत असले पाहिजेत. ओले झाले की व्हिस्कोजची ताकद बरीच घटते, आणि पिळाचे सूत पाण्यात आकसते. म्हणून कोणीतरी एकदा घरी धुतलेला क्रेपचा झगा आखूड झालेला आणि शिवणींवर गोळा झालेला असू शकतो. 'कधी धुतला होता का, आणि कसा?' हा प्रश्न वरवर सामान्य वाटला तरी त्याच्या उत्तरावर मापांचे सगळे गणित अवलंबून असते.

झीज ठराविक जागी होते आणि त्या जागा माहीत असल्या की फोटो नेमके मागता येतात. काखेत घामामुळे रंग उडतो आणि कापड विरते. मॅक्सीच्या खालच्या काठाला धूळ, चपलेच्या टाचेने पडलेली भोके आणि उसवलेली दुमड असते. बांधायच्या बंदांची टोके पिळवटून झिजतात आणि चेनच्या दोन्ही बाजूंना कापड ताणले जाते. शिफॉनसारख्या झिरझिरीत कापडात धागा ओढला गेल्याच्या रेषा असतात. लोकरीच्या आणि रेशमाच्या झग्याला कसर लागलेली असू शकते, कारण कसरीच्या अळ्यांचे अन्न प्राणिज धाग्यांतील प्रथिने हे असते. या सर्वांसाठी तीन फोटो पुरतात: झगा उलटा करून आतल्या शिवणींचा, काखेच्या भागाचा दिवसाच्या उजेडात, आणि कापड खिडकीसमोर धरून प्रकाश आरपार येईल असा. त्या तिसऱ्या फोटोत विरलेला भाग आजूबाजूच्या कापडापेक्षा उजळ दिसतो, कसरीचे भोक ठिपक्यासारखे चमकते आणि रफू केलेली जागा गडद जाळीसारखी उमटते. 'वयाच्या मानाने उत्तम' अशा शब्दांनी जे झाकले जाते ते हा एक फोटो उघड करतो. प्रामाणिक विक्रेता तो आनंदाने पाठवतो, आणि टाळाटाळ झाली तर ती टाळाटाळ हेच उत्तर समजावे.

किंमत, कायदा आणि देशाच्या सीमा

मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत पुष्कळदा मोठी तफावत असते, म्हणून तशाच झग्याचे पूर्ण झालेले व्यवहार पाहावेत. न विकला जाता महिनोन्महिने पडून असलेल्या झग्यावरचा आकडा हा बाजारभाव नसतो. पट्टी, कापड, नक्षी, माप आणि झीज या पाच बाबतींत जुळणारी उदाहरणे सापडली तर घासाघीसही आधाराने करता येते. पैसे मात्र विक्रीस्थळाच्या व्यवस्थेतूनच द्यावेत. थेट खात्यावर पाठवल्यास थोडी सूट देण्याचे आमिष कोणी दाखवले, तर त्या सुटीबरोबर परताव्याचे संरक्षणही जाते.

परताव्याचा हक्क विक्रेत्याच्या स्वरूपावर ठरतो. ब्रिटन आणि युरोपीय संघात व्यापाऱ्याकडून ऑनलाइन घेतलेली वस्तू, काही अपवाद वगळता, मिळाल्यापासून १४ दिवसांत कारण न देता रद्द करता येते. पण घरातले कपाट रिकामे करणाऱ्या खाजगी व्यक्तीकडून घेतलेल्या कपड्याला ही सवलत लागू नसते. ब्रिटनच्या कायद्यात तेव्हाही एक आधार उरतो, तो म्हणजे वस्तू दिलेल्या वर्णनाशी जुळली पाहिजे. म्हणून 'बारीक डाग', 'रफू नाही', 'मूळ लांबी' अशी विधाने विक्रेत्याकडून लेखी घेणे हे केवळ शंकेखोरपणाचे लक्षण नाही. विक्रेत्याच्या उत्तराचे कराराच्या अटीत रूपांतर करण्याचा तो मार्ग आहे.

लंडनमध्ये किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी स्त्रीला हा बाजार दाराशी आहे, पण भारतात झगा मागवताना वेगळा विचार करावा लागतो. वापरलेल्या कपड्यांची आयात भारतात निर्बंधित वर्गात मोडते आणि तिला परवाना लागतो. त्यामुळे परदेशी विक्रेता पाठवायला तयार असला तरी पार्सल सीमाशुल्क विभागात अडकण्याचा धोका असतो. भारतातच उपलब्ध असलेला माल पाहणे हा त्यावरचा सरळ मार्ग आहे.

झगा हाती आल्यावर पाकीट उघडतानाच फोटो काढावेत, मापे पुन्हा घ्यावीत आणि परताव्याची मुदत संपेपर्यंत कोणताही फेरफार करू नये. कसरीची शंका असलेला झगा, त्याचे कापड व सजावट ते सोसणारी असेल तर, प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंश सेल्सिअस तापमानाच्या शीतपेटीत सुमारे दोन आठवडे ठेवण्याची संग्रहालयांतील रीत घरीही उपयोगी पडते. उरेब कटाचा झगा टांगू नये, तो आम्लविरहित कागदाच्या सैल घड्यांत आडवा ठेवावा.

या साऱ्या सावधगिरीचा हेतू केवळ पैसे वाचवणे एवढा मर्यादित नाही. डिझायनरच्या नावाला मोल असते ते त्या नावामागे कापणाऱ्याचे, रेखाटणाऱ्याचे आणि शिवणाऱ्याचे कसब असते म्हणून. खरेदीदार फक्त पट्टी वाचून पैसे मोजू लागला की बाजार पट्ट्यांचा होतो आणि बनावटीला वाव मिळतो. तोच खरेदीदार शिवण, पीळ, दुमड आणि माप यांविषयी नेमके प्रश्न विचारू लागला की विक्रेत्यालाही झगा उलटा करून पाहावा लागतो, त्याची झीज प्रामाणिकपणे नोंदवावी लागते, आणि पन्नास वर्षांपूर्वीचा चांगला कपडा योग्य अंगाला, योग्य किमतीत मिळून आणखी काही वर्षे वापरात राहतो. जाणकार प्रश्न ही या बाजारातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक तपासणी आहे, आणि ती करण्यासाठी कोणत्याही मध्यस्थाची वाट पाहावी लागत नाही.